एक-शून्य-एक आणि लघवीची जळजळ

मिरजेत औषधांचं दुकान चालवायचं म्हणजे दिवसभर वेगवेगळ्या डॉक्टरांचं अक्षर लावत बसायचं. गावात दवाखाने इतके, की जत, अथणी, रायबागकडची माणसं सकाळच्या गाडीने येतात, दुपारी चिठ्ठी घेऊन आमच्या काउंटरवर उभी राहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मार्च उजाडला की या चिठ्ठ्यांमध्ये एक दुखणं वाढतं. लघवीला जळजळ, सारखी घाई, गेलं तरी थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं. बायका हे मोठ्याने सांगत नाहीत. "उन्हाळी लागलीया" एवढंच पुटपुटतात, नाहीतर नुसती चिठ्ठी पुढे सरकवतात. शेजारी पुरुष गिऱ्हाईक असेल तर "त्यांचं होऊ दे आधी" म्हणून मागे सरतात.

चिठ्ठीवर औषधाचं नाव, पुढे १-०-१, त्यापुढे गुणिले पाच किंवा सात. मी पट्टी काढते, कात्रीने मोजून कापते, पाकिटावर वेळेच्या खुणा करते. पैसे काढता काढता प्रश्न येतोच. "ताई, एवढ्या सगळ्या घ्यायलाच पाहिजेत काय? दोन दिवसांच्या द्या की. बरं वाटलं तर बास."

याला "डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून घ्या" असं उत्तर देऊन भागत नाही, माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन मनासारखंच करतो. लघवीच्या जंतुसंसर्गावरच्या औषधाचे दोन आकडे असतात, किती तासांनी आणि किती दिवस. औषध बदललं की ते बदलतात, माणूस बदलला की बदलतात, आणि दर आकड्यामागे काहीतरी कारण असतं. कारण सांगितलं की लोक गोळ्या नीट घेतात, हे मी काउंटरमागून पाहत आलेय. म्हणून आज जरा लांबण लावते. हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या आणायला निघू नये. हातात आलेली चिठ्ठी वाचता यावी, एवढ्यासाठी लिहितेय.

सुरुवात नायट्रोफ्युरँटॉइनपासून, कारण मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाला आज जगभर पहिल्या पसंतीत हे असतं. औषध १९५०च्या दशकातलं. आमच्या वडिलांच्या वेळी दुकानात नॉरफ्लॉक्सासिनचं राज्य होतं. ४०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, की झालं. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, ओफ्लॉक्सासिन आलं, आणि नायट्रोफ्युरँटॉइन मागच्या फळीवर गेलं. आता ई. कोलाय नावाचा जंतू, म्हणजे या दुखण्यातला मुख्य गुन्हेगार, या फ्लॉक्सासिनांना आपल्याकडे सर्रास दाद देत नाही. नायट्रोफ्युरँटॉइनला मात्र बहुतेक वेळा अजून देतो. हे औषध जंतूवर एका वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला त्यातून निसटणं जड जातं.

औषधाचा स्वभाव वेगळा आहे. पोटातून ते रक्तात जातं, पण रक्तात टिकत नाही. तासाभराच्या आतच त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि मूत्रपिंडं ते उपसून लघवीत टाकतात. रक्तात जवळजवळ काही नाही, मूत्राशयात मात्र भरपूर. म्हणून मूत्राशयातल्या जळजळीला ते चांगलं. पण थंडी वाजून ताप आलाय, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखतंय, उलट्या होतायत, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय, तर तिथल्या मांसात हे औषध पुरेसं पोचतच नाही. अशा वेळी कुणी घरात उरलेल्या जुन्या कॅप्सूल घेऊन दोन दिवस काढले, तर ते दोन दिवस फुकट जातात आणि रोग वाढतो. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतही ते नीट शिरत नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

आता तासांचा हिशोब. हे औषध दोन प्रकारांत मिळतं. एक साधी कॅप्सूल, दुसरी हळूहळू विरघळणारी, जिच्या पट्टीवर 'एसआर' छापलेलं असतं. एसआर १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, पाच दिवस. साधी कॅप्सूल असेल तर ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, म्हणजे दिवसातून चारदा. औषध लवकर उपसलं जातं, म्हणून साध्याला चार वेळा लागतात. एसआर हळूहळू सुटतं, म्हणून दोनदा पुरतं. चिठ्ठीवर नुसतं नाव आणि '१००' असेल, तर एसआर द्यायचं की साधं, हे मी फोन करून विचारते. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत. एसआरची कॅप्सूल उघडून पाण्यात ढवळायची नाही आणि गोळी चावायची नाही, हेही सांगावं लागतं, कारण "मोठी आहे, गिळत नाही" म्हणून आज्जी लोक ती खलबत्त्यात कुटतात.

एक-शून्य-एक याचा अर्थ लोक 'सकाळी एक, संध्याकाळी एक' असा घेतात आणि तो तसाच आहे. पण सकाळ म्हणजे किती? एखादा माणूस पहिली गोळी अकराला घेतो, दुसरी संध्याकाळी सहाला, कारण दुकान बंद करायच्या आधी आठवते म्हणून. मधे सात तास, आणि पुढे दुसऱ्या दिवशीच्या अकरापर्यंत सतरा. त्या सतरा तासांत मूत्राशयात औषध नावापुरतं आणि जंतू मोकळे. म्हणून मी खुणा करायच्या आधी विचारते, "जेवता किती वाजता?" कुणी म्हणतं सकाळी नऊ आणि रात्री आठ. छान, तेच ठरवा. हे औषध जेवणानंतरच घ्यायचं असतं. अन्नाबरोबर ते जास्त शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. उपाशी पोटी घेऊन ओकाऱ्या आल्या की लोक "मला ॲलर्जी आहे" असं ठरवून टाकतात, आणि पुढची कित्येक वर्षं दर डॉक्टरला तेच सांगत राहतात. एक उपयोगी औषध आयुष्यातून गेलं. रात्रीची मात्रा शक्यतो झोपायच्या आधी लघवीला जाऊन आल्यावर घ्यावी. रात्रभर लघवी मूत्राशयात साठून राहते, तेवढा वेळ औषधाला मिळतो.

लघवी गडद पिवळी, अगदी तपकिरीसुद्धा होईल, हे आधी सांगितलं नाही तर रात्री फोन येतो. "ताई, रक्त जातंय!" रक्त नसतं, औषधाचा रंग असतो.

याच औषधावरून माझी एक जुनी तक्रार आहे. आपल्याकडे जळजळीच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर अँटिबायोटिकबरोबर एक गोडसर लाल-नारिंगी सिरप असतं. दोन चमचे ग्लासभर पाण्यात, दिवसातून तीनदा. त्यात सायट्रेट असतं, ते लघवीची आम्लता कमी करतं आणि जळजळ थोडी शमल्यासारखी वाटते. गिऱ्हाइकाला ते आवडतं, गोळ्या सोडेल पण सिरप सोडणार नाही. पण नायट्रोफ्युरँटॉइन काम करतं ते आम्लधर्मी लघवीत. लघवी अल्कधर्मी केली की त्याची धार बोथट होते. म्हणजे एका हाताने औषध द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचे पाय बांधायचे. ब्रिटनमधल्या औषधपुस्तिकांमध्ये ही जोडी टाळा असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे ही जोडी एकाच चिठ्ठीवर रोज दिसते. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं ॲसिडिटीचं औषधही नायट्रोफ्युरँटॉइनचं शोषण कमी करतं, आणि ॲसिडिटीचं औषध नसलेलं घर इकडे शोधून सापडायचं नाही. मी काय करते? चिठ्ठीत बदल करायचा मला अधिकार नाही. डॉक्टरांना फोन करते. बरेच जण "राहू दे सिरप, फक्त कॅप्सूल द्या" म्हणतात.

फॉस्फोमायसिनची गोष्ट एकदम उलटी. तीन ग्रॅमची एक पुडी, एकदाच. तासांचा हिशोब नाही, दिवसांचा नाही. अर्धा ग्लास साध्या पाण्यात विरघळवायची, गरम पाण्यात नाही, आणि लगेच प्यायची. पोट शक्यतो रिकामं, रात्री झोपताना, लघवीला जाऊन आल्यावर. एका मात्रेने लघवीत औषध दोन-तीन दिवस टिकून राहतं, म्हणून ती पुरते. किंमत ऐकून गिऱ्हाईक दचकतं, "एका पुडीचे एवढे?" आणि ती घेऊन दुसऱ्या दिवशी "जळजळ अजून आहे, दुसरी द्या" म्हणून येतं. बरं वाटायला दोन-तीन दिवस लागतात. औषध आत आहे, थांबायचं. एकच मात्रा म्हणून हे सगळ्यात सोयीचं, पण सगळ्यात प्रभावी म्हणायचं का? २०१८ साली जिनिव्हा, पोलंडमधलं लॉद्झ आणि इस्राएलमधलं पेताह तिक्वा इथल्या ५१३ बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना पाच दिवस नायट्रोफ्युरँटॉइन दिलं, निम्म्यांना फॉस्फोमायसिनची एक पुडी. चार आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ७० टक्के बायकांची लक्षणं गेलेली होती, दुसऱ्या गटात ५८ टक्के. फरक आहे. पण जी बाई ऊसतोडीला जाणार, जिच्या पाच दिवसांच्या गोळ्या कोपीत उंदीर खाणार, तिच्यासाठी डॉक्टरने पुडी लिहिली तर मला ते शहाणपणाचं वाटतं.

बाकीच्या औषधांवर एवढं रेंगाळत नाही. कोट्रायमोक्साझोलची डबल स्ट्रेंथ गोळी, म्हणजे सल्फा ८०० अधिक ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा तीन दिवस. जंतू तिला दाद देत असेल तर तीन दिवस पुरतात. आपल्याकडे तो बऱ्याचदा देत नाही, म्हणून लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून तो कुठल्या औषधाला दाद देतो ते पाहायच्या तपासणीचा, रिपोर्ट पाहून दिली तर बरी. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे ज्यांचं पोटॅशियम आधीच चढं असतं त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायचं. सेफिक्झिम २०० सकाळ-संध्याकाळ आपल्याकडे वारेमाप लिहिलं जातं, घसा असो की लघवी. सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० दोनदा आणि लिव्होफ्लॉक्सासिन ७५० एकदा, ही मूत्रपिंडापर्यंत पोचणारी औषधं. म्हणून ती त्या कामासाठी राखून ठेवावीत, साध्या जळजळीला वापरू नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली बजावलं. कारण स्नायूंच्या दोरांना, म्हणजे विशेषतः टाचेमागच्या जाड दोराला, आणि नसांना इजा होण्याचा धोका. साठीच्या पुढच्या आणि स्टेरॉइड चालू असलेल्या माणसाला तो जास्त. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध-दह्याबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलं तर पोटातच अडकून पडतं. गोळी घ्यायची आणि वर ताकाचा तांब्या, ही आमच्याकडची पद्धत इथे चालत नाही. कॅल्शियमच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

आता दिवस. तीन, पाच, सात, चौदा हे आकडे आले कुठून? तीन आणि पाच वगळले तर बाकीच्यांबद्दल एक अमेरिकन डॉक्टर, ब्रॅड स्पेलबर्ग, गमतीने म्हणतात की सात आणि चौदा दिवसांचे कोर्स हे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनमुळे आहेत. त्याने ३२१ साली रविवार सुट्टीचा केला आणि आठवडा सात दिवसांचा रूढ झाला. तो चार दिवसांचा असता तर आपण चार आणि आठ दिवस गोळ्या घेतल्या असत्या. थट्टा खरी, पण तिच्यामागे अभ्यास आहेत. स्वीडनमध्ये मूत्रपिंडाच्या संसर्गात सिप्रोफ्लॉक्सासिन सात दिवस आणि चौदा दिवस अशी तुलना झाली, २०१२ साली निकाल आला, सात पुरले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ताप नसलेल्या २७२ पुरुषांवर तीच तुलना झाली, २०२१ साली छापून आली, तिथेही सात पुरले. चौदा दिवसांनी बरं होणाऱ्यांची संख्या वाढली नाही. औषध जास्त दिवस पोटात गेलं एवढंच.

मग "बरं वाटलं तर बास" म्हणणारं गिऱ्हाईक बरोबर की काय? नाही, आणि यातला फरक मी रोज समजावते. पाच दिवसांचा कोर्स हा आधीच छाटून छाटून पाचवर आणलेला आहे. त्यातले तीन काढून टाकायला जागा नाही. जळजळ दुसऱ्या दिवशी कमी होते, कारण जंतू कमी झाले. संपले म्हणून नव्हे. पण साध्या जळजळीला कुणी चौदा दिवसांची चिठ्ठी लिहिली, तर तिथे मीच प्रश्न विचारते. कोर्स पूर्ण करा हे वाक्य चुकीचं नाही, कोर्सच किती असावा हे आधी बरोबर हवं.

नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. तिला मागे हाच त्रास झाला. ती डॉक्टरकडे गेलीच नाही, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या फार्मसिस्टने तिला आत एका खोलीत नेलं, प्रश्न विचारले, गरोदर आहेस का, ताप आहे का, पाठीत दुखतंय का, आणि नायट्रोफ्युरँटॉइन एसआर दिलं. दिवसातून दोनदा, तीन दिवस. पाच नव्हे, तीन. ब्रिटनच्या नियमावलीत बायकांसाठी तीन दिवस आहेत, अमेरिकेच्या नियमावलीत पाच, औषध तेच. तिकडे ३१ जानेवारी २०२४ पासून सोळा ते चौसष्ट वयाच्या बायकांना साध्या लघवीच्या संसर्गासाठी फार्मसिस्ट स्वतः हे देऊ शकतो. ती फोनवर हे सांगत होती आणि मला त्या आतल्या खोलीचा हेवा वाटत होता. इथे काउंटरवर, मागे पाच माणसं रांगेत, मी चाळिशीच्या बाईला कसं विचारू की अंगावरून जातंय का, खाज आहे का? आणि विचारलं तरी औषध द्यायचा अधिकार मला नाही. नसावा, असंच मला वाटतं, जोवर कुठलंही दुकान कुठलीही पट्टी कापून देतं तोवर. पण ती खोली हवी.

खाजेचा प्रश्न उगाच नाही. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असतं, त्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. लघवीत साखर, म्हणजे बुरशीला मेजवानी. जळजळ असते, पण लघवी करताना बाहेरच्या बाजूला, आणि खाज. हा जंतुसंसर्ग नसतो, बुरशी असते. अशा बाईने दोनदा-तीनदा अँटिबायोटिकचे कोर्स घेतलेले असतात आणि दर कोर्सनंतर बुरशी वाढलेली असते. जुन्या चिठ्ठ्या बरोबर आणा असं मी म्हणते ते यासाठी.

पुरुषाला हे दुखणं झालं तर तीन किंवा पाच दिवसांवर भागत नाही, साधारण सात लागतात. पुरुषात लघवीचा संसर्ग म्हटलं की प्रोस्टेट त्यात आहे का हा प्रश्न असतो, आणि ती ग्रंथी सुजली असेल तर कोर्स आठवड्यांत मोजायचा, दोन ते चार किंवा त्याहून जास्त. म्हणून काकांनी काकूंच्या उरलेल्या कॅप्सूल घेऊ नयेत. दोघांना एकाच आठवड्यात जळजळ झाली तरी.

वयस्क माणसांत आकडा ठरतो मूत्रपिंडावर. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडांनीच लघवीत पोचवायचं असतं, आणि तीच थकलेली असतील तर औषध पोचत नाही, उलट अंगात साठून नसांना त्रास देतं. ब्रिटनमध्ये मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग ४५च्या खाली गेला की टाळतात. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनीनच्या खाली तो आकडा 'ईजीएफआर' म्हणून छापतात. जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांनाही हे देत नाहीत, रक्तपेशी फुटतात. आणि वयस्कांच्या बाबतीत सगळ्यात चांगला कोर्स पुष्कळदा शून्य दिवसांचा असतो. मुलं पुण्याहून आईबाबांचं तपासणीचं पॅकेज बुक करतात, त्यात लघवीचं कल्चर असतं, त्यात ई. कोलाय सापडतो, आणि आज्जींना काहीही त्रास नसताना चिठ्ठी घेऊन मुलगा येतो. त्रास नसेल तर नुसत्या रिपोर्टवर औषध देत नाहीत. अपवाद गरोदर बायका आणि लघवीच्या मार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेले लोक. रिपोर्टच्या शेवटी इंजेक्शनांची नावं आणि पुढे 'एस' असतं, ते पाहून "मेरोपेनेम लागेल काय?" असं विचारणारे आहेत. 'एस' म्हणजे जंतू त्याला दाद देतो, ते घ्यायलाच हवं असं नव्हे.

कल्चर करायचंच असेल तर नमुना पहिली गोळी पोटात जायच्या आधी द्यायचा. हे साधं वाटतं आणि नेमकं हेच उलटं होतं. रात्री जळजळ, घरातली सापडेल ती गोळी, सकाळी लॅब, आणि रिपोर्ट 'जंतू नाही'. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, डबी दोन तासांत लॅबला पोचवायची, नाहीतर तोवर फ्रिजमध्ये ठेवायची.

कायद्याचंही थोडं. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन ही शेड्यूल एच१ नावाच्या सरकारी औषधयादीत आहेत. ती २०१३ साली निघाली आणि मार्च २०१४ पासून लागू झाली. ही औषधं दिली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं हे वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची. माझ्याकडे ती वही आहे. "शेजारच्या दुकानात तर विचारत नाहीत" हे मला दर आठवड्याला ऐकावं लागतं, आणि गिऱ्हाईक जातंसुद्धा. जावो.

पाण्याबद्दल मात्र घरचे लोक बरोबर असतात. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, नारळपाणी यांनी संसर्ग बरा होत नाही, पण पाणी पोटात जातं हे चांगलंच. बल्गेरियात १४० बायकांवर झालेल्या अभ्यासात, ज्या बायका मुळात कमी पाणी प्यायच्या आणि ज्यांना वारंवार हा त्रास व्हायचा, त्यांनी रोज दीड लिटर जादा पाणी वर्षभर प्यायल्यावर त्रासाच्या वेळा साधारण निम्म्यावर आल्या. २०१८चा अभ्यास. पण एसटीच्या लांबच्या प्रवासात, उसाच्या फडात, शाळेत जिथे शिक्षिकांना धड संडास नाही तिथे, बाई पाणी पीत नाही ते विसरल्यामुळे नव्हे. लघवीला जायला जागा नाही म्हणून. हे मी काउंटरवरून कुणाला सांगणार, आणि चिठ्ठीवर कोण लिहिणार?

शेवटी नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न. एक मात्रा चुकली तर? आठवेल तेव्हा घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. दोन दिवसांत काहीच फरक नाही, किंवा मधेच ताप, थंडी, उलटी, पाठदुखी सुरू झाली, तर उरलेला कोर्स संपायची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं. नायट्रोफ्युरँटॉइनवर असताना कोरडा खोकला किंवा धाप लागली तरीही.

दुसरा, कोर्स झाल्यावर लघवी परत तपासायची का? त्रास गेला असेल तर गरज नाही, पैसे वाचवा. गरोदर बाईने मात्र कोर्सनंतर परत तपासून घ्यायचं. तिचा कोर्सही साधारण सात दिवसांचा असतो, फ्लॉक्सासिनं तिला देत नाहीत, आणि बाळंतपण जवळ आलं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइनही टाळतात, कारण नवजात बाळाच्या रक्तपेशींना ते सोसत नाही. तेव्हा कितवा महिना आहे ते मला आणि डॉक्टरांना, दोघांना सांगायचं, लाजायचं नाही.